इंदूर ते टोरांटो: नक्की किती किलोमीटर, किती तास, आणि हे घरबसल्या कसं काढायचं

आई-बाबा पहिल्यांदा दादाकडे टोरांटोला निघाले तेव्हा आमच्याकडे महिनाभर एकच विषय चालू होता, किती तास लागतात गं? दादा फोनवर म्हणायचा साडेपंधरा. बाबा तिकिटाचा प्रिंट हातात घेऊन म्हणायचे, रात्री ९ ला निघतंय आणि सकाळी ९ ला पोचतंय, म्हणजे बारा. एजंट म्हणाला एकवीस-बावीस धरून चला, आणि शेजारच्या काकू, ज्यांची मुलगी तिकडेच आहे, त्या म्हणाल्या आमचा तर सव्वा दिवस गेला होता बाई. चौघंही आपापल्या जागी बरोबर होते, फक्त प्रत्येकजण वेगळंच काहीतरी मोजत होता. हे चार आकडे वेगळे कसे काढायचे ते एकदा नीट कळलं की मग टोरांटो असो, मेलबर्न असो नाहीतर सॅन फ्रान्सिस्को, तुम्हाला कोणाला विचारायची गरज पडत नाही. इंदूरच्या प्रत्येक दुसऱ्या मराठी घरातलं कोणीतरी आज बाहेर आहे आणि पहिला प्रवास बहुतेक वेळा साठी-सत्तरीतले आई-वडील एकटे करतात, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी दोन्ही ठिकाणं पक्की करा, शहर नाही, विमानतळ. आपलं विमानतळ म्हणजे देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ, कोड आयडीआर. टोरांटोचं मोठं विमानतळ पिअर्सन, कोड वायवायझेड, आणि ते खरं तर टोरांटोत नाही, शेजारच्या मिसिसागा शहरात आहे. टोरांटोत तळ्याकाठी दुसरं एक छोटं विमानतळ आहे त्याचा कोड वायटीझेड, तेव्हा शेवटची दोन अक्षरंही वाचायची. कोड का बघायचा ते सांगते. माझ्या मैत्रिणीचा मुलगा कॅनडातल्या लंडनला शिकतो, ऑन्टारिओ राज्यातलं लंडन, टोरांटोपासून दोनेकशे किलोमीटरवर. तिने ऑनलाइन अंतर काढलं तर ७,१०० किलोमीटर आलं आणि ती खूष, अगं फार लांब नाहीये. ते इंग्लंडचं लंडन होतं. खरं अंतर त्याहून पाच हजार किलोमीटर जास्त.

आता अंतर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवू नका, तो चपटा नकाशा उत्तरेकडची जमीन ताणून दाखवतो आणि आपल्याला वाटतं विमान इराण, तुर्कस्तान, स्पेन असं सरळ पश्चिमेला जाऊन अटलांटिक ओलांडत असेल. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर तो घ्या, आमच्याकडे खजुरी बाजारातून भाचीसाठी आणलेला होता, आणि शिवणाच्या डब्यातला एक दोरा घ्या. आधी दोरा विषुववृत्तावरून एक पूर्ण फेरी गुंडाळा आणि पट्टीवर मोजा, आमचा आला ६३ सेंटिमीटर. विषुववृत्ताचा खरा घेर ४०,०७५ किलोमीटर, म्हणजे आमच्या गोलावर १ सेंटिमीटर म्हणजे साधारण ६३६ किलोमीटर. आता दोऱ्याचं एक टोक इंदूरवर बोटाने दाबून धरा, दुसरं टोरांटोवर, आणि हळूहळू ताणा. ढिला असेपर्यंत दोरा कुठूनही जातो, पण पूर्ण ताणला की तो आपोआप वर सरकतो, दिल्लीच्या थोडा पश्चिमेकडून पाकिस्तान, मध्य आशिया, रशियाचा उत्तर भाग, ग्रीनलँड, आणि मग कॅनडात वरून खाली उतरतो. बाबा चष्मा कपाळावर चढवून पाच मिनिटं तो दोरा बघत होते. टोरांटो पश्चिमेला आहे हे आयुष्यभर डोक्यात बसलेलं, आणि विमान निघतं जवळजवळ उत्तरेकडे. दिल्लीहून हा सरळ रस्ता ७५ अक्षांशापर्यंत वर जातो, उत्तर ध्रुवापासून फार लांब नाही.

आमचा दोरा भरला १९.४ सेंटिमीटर, गुणिले ६३६ म्हणजे सुमारे १२,३४०. गणिताने खरं उत्तर येतं १२,२२० किलोमीटर. शिवणाच्या दोऱ्याने एक टक्क्याचा फरक, मला तर हे फारच छान वाटलं.

गणिताने करायचं असेल तर मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा धरा म्हणजे साइन-कॉस दिसतात, आणि तो डिग्रीवर आहे ना ते बघा. इंदूर २२.७२ उत्तर, ७५.८० पूर्व. टोरांटो ४३.६८ उत्तर, ७९.६३ पश्चिम. एक पूर्व आणि एक पश्चिम म्हणून रेखांशांची बेरीज, १५५.४३ अंश (दोन्ही पूर्व असते तर वजाबाकी केली असती). मग दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा, तो येतो ०.२६७. दोन्ही अक्षांशांच्या कॉसचा गुणाकार आणि त्याला रेखांशाच्या फरकाच्या कॉसने परत गुणा, तो येतो उणे ०.६०७. दोघांची बेरीज उणे ०.३४०. ह्याचा उलटा कॉस (कॅल्क्युलेटरवरचं cos⁻¹) काढला की १०९.९ अंश, आणि पृथ्वीवर एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर, झालं १२,२२० च्या आसपास. फक्त त्या ०.६०७ चं उणे चिन्ह सोडू नका, माझं पहिल्यांदा सुटलं आणि उत्तर आलं ३,२४० किलोमीटर. एवढं सगळं नको असेल तर ग्रेट सर्कल मॅपर नावाची साइट आहे, तिथे दोन कोड टाकले की रेषाही दिसते आणि आकडाही. गूगल अर्थमध्ये पट्टीचं चिन्ह आहे त्यानेही होतं. फक्त एकक बघा. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा आणि पायलट लोकांचा नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणून हेच अंतर कुठे ७,५९० मैल दिसेल आणि कुठे ६,६०० नॉटिकल, तिन्ही एकच.

पण इंदूरहून टोरांटोचं थेट विमान नाही. आपल्याकडून पहिलं आंतरराष्ट्रीय विमान जुलै २०१९ मध्ये दुबईला सुटलं, आणि अमेरिका-कॅनडासाठी कुठेतरी बदलावंच लागतं. कुठे बदलायचं ह्याचा विचार लोक फक्त भाड्यावरून करतात, अंतरावरूनही करून बघा. इंदूर-दिल्ली ६६३ किलोमीटर, दिल्ली-टोरांटो ११,६४०, एकूण १२,३०० च्या वर थोडंसं. म्हणजे थेट अंतरापेक्षा जेमतेम ८० किलोमीटर जास्त! दिल्ली त्या ताणलेल्या दोऱ्याच्या जवळच आहे म्हणायला हरकत नाही. मुंबईहून गेलात तर ५०५ आणि १२,४९० मिळून १३,००० च्या जवळ, कारण आधी उलट दिशेला खाली उतरलात. दुबईहून २,०९० आणि ११,०८० मिळून १३,१७०. म्हणजे दुबई आणि मुंबईत फारसा फरक नाही, दिल्ली मात्र स्पष्ट जवळची. म्हणून मी आई-बाबांसाठी दिल्लीच घेतलं, भाडं थोडं जास्त होतं तरी.

आता किलोमीटरचे तास. लांब पल्ल्याचं विमान वर स्थिर झालं की ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जातं, पण वर चढताना, खाली उतरताना, धावपट्टीपर्यंत रांगत जाताना वेळ जातो. माझा हिशोब असा, अंतर भागिले ८५० आणि वर अर्धा तास. इंदूर-दिल्लीला हे सव्वा तास येतं, तिकिटावर दीड तास होता. दिल्ली-टोरांटोला चौदा तास दहा मिनिटं येतं, तिकिटावर साडेपंधरा होते. म्हणजे जवळच्या प्रवासाला हिशोब जवळपास जुळतो आणि लांबच्याला तास-दीड तास कमी पडतो, आणि ह्या फरकात बरंच काही दडलेलं आहे.

एक म्हणजे तिकिटावरची वेळ ही गेटपासून गेटपर्यंतची असते, हवेतली नाही, आणि कंपन्या उशीर गृहीत धरून थोडी जास्तच लिहितात. दुसरं म्हणजे वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात, थंडीत तर त्यांचा वेग ताशी २००-३०० किलोमीटरपर्यंतही जातो. पाठीमागून मिळाला तर विमान उडवून नेतो, समोरून आला तर तासभर सहज खातो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या वाऱ्यावर एक जंबो जेट न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्याही आत पोचलं होतं, उलट दिशेला त्याच रस्त्याला सात-आठ तास लागतात. आणि ह्याहून मोठं उदाहरण आपल्याच एअर इंडियाचं. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को सरळ अंतर १२,३८० किलोमीटर. ते विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट्या बाजूने, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली, अंतर झालं सुमारे १५,३०० आणि वेळ लागला साडेचौदा तास, म्हणजे अंतर वाढलं आणि वेळ कमी झाला, कारण वारा पाठीशी होता. ज्याला वाटतं किलोमीटरवरून तास कळतात त्याला हे एकच उदाहरण सांगायचं.

तिसरं कारण म्हणजे कोणाचं आकाश कोणासाठी बंद आहे. फेब्रुवारी-मार्च २०२२ पासून कॅनडा, अमेरिका आणि युरोपातल्या बहुतेक कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही, आणि आपला दोरा तर रशियावरूनच जातो. भारतीय कंपन्यांना रशिया उघडा राहिला पण एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने त्यांच्यासाठी आकाश बंद केलं, मग दिल्लीहून निघालेलं विमान आधी खाली गुजरात, अरबी समुद्राकडे जाऊन वळसा घ्यायला लागलं. म्हणजे एकाच दिवशी, त्याच दोन शहरांमध्ये, कंपनी बदलली की रस्ता बदलतो. मधे युरोपात इंधनासाठी थांबा आहे का हेही तिकीट काढताना विचारा, कारण त्यात विमान बदलत नाही, पण दोनेक तास जातात. मागच्या वर्षी कोणाला किती लागले हे ऐकून ठरवू नका, तुमच्या तारखेचं वेळापत्रक बघा.

आता ज्याच्यावर बाबा अडले होते ते, घड्याळ. इथे मी एकच नियम पाळते, सगळ्या वेळा आधी भारताच्या वेळेत लिहायच्या आणि मगच वजाबाकी करायची. टोरांटो आपल्या मागे आहे, उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास, कारण ते लोक मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे घेतात. आमचं तिकीट मे महिन्यातलं. इंदूरहून १४ तारखेला रात्री ९, दिल्लीहून १५ तारखेला पहाटे ३, टोरांटोला १५ तारखेला सकाळी ९. ते शेवटचे ९ टोरांटोचे, त्यात साडेनऊ मिळवले की भारतात संध्याकाळचे ६:३०. पहाटे ३ ते संध्याकाळी ६:३० म्हणजे साडेपंधरा, हा दादाचा आकडा. आदल्या रात्रीच्या ९ पासून मोजलं तर साडेएकवीस, हा एजंटचा. बाबांचे बारा हे फक्त भिंतीवरच्या घड्याळाचे बारा, मधले साडेनऊ तास पश्चिमेला जाताना मिळालेले. येताना नेमकं उलटं. टोरांटोहून दुपारी २ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १ ला दिल्ली, कागदावर दिसतात तेवीस तास आणि प्रत्यक्षात साडेतेरा. आईला हे मी पोह्याच्या दोन बशा मांडून समजावलं, एक इंदूर, एक टोरांटो, आणि प्रत्येक बशीजवळ एक-एक घड्याळ ठेवलं. तिला पाच मिनिटांत कळलं आणि मग तिनेच बाबांना समजावलं.

मेलबर्नचं थोडक्यात सांगते, दिल्लीहून १०,१९० किलोमीटर, तिथलं घड्याळ आपल्या पुढे, साडेचार किंवा साडेपाच तास, आणि तिकडे ऋतू उलटे म्हणून घड्याळ ऑक्टोबरमध्ये पुढे जातं आणि एप्रिलमध्ये मागे येतं. बाकी पद्धत तीच, फक्त मिळवायच्या ऐवजी वजा.

तारखेबद्दल मात्र कळकळीने सांगते. आमच्या एका नातेवाइकांचं मुंबईहून विमान होतं, १५ तारीख, रात्री ००:४०. एजंटने तोंडी सांगितलं "पंधराच्या रात्रीचं आहे", आणि काका १५ च्या रात्री ९ वाजता सामान घेऊन विमानतळावर हजर. विमान वीस तासांपूर्वीच गेलेलं. ००:४० म्हणजे १४ ची रात्र संपून १५ सुरू झाल्यावर चाळीस मिनिटांनी. तो माणूस बॅगेवर बसून होता आणि घरी फोन करायची हिंमत होत नव्हती. म्हणून रात्री १२ ते पहाटे ४ च्या मधलं कुठलंही विमान असेल तर कॅलेंडरवर आदल्या दिवसाच्या चौकोनात लाल पेनाने लिहा, "आज रात्री जेवून निघायचं".

मधला थांबा, म्हणजे लेओव्हर, ह्यावर पैसे वाचवू नका. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर असतील तर सामान बहुतेक वेळा इंदूरलाच टोरांटोपर्यंत टॅग होतं, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय करायची जबाबदारी कंपनीची. दोन वेगळी तिकिटं काढलीत तर सामान दिल्लीत पट्ट्यावरून उचलायचं, परत चेक-इन करायचं, आणि चुकलं तर सगळं तुमच्या डोक्यावर. शिवाय काउंटर विमान सुटायच्या तास-सव्वा तास आधी बंद होतं, आणि इमिग्रेशनची रांग दिल्लीतच लागते, इंदूरला नाही. माझा हिशोब, एक तिकीट असेल तर चार तास, वेगळी तिकिटं असतील तर किमान सात. बुक करताना टर्मिनलही बघा, दिल्लीत टी-३ आणि टी-१ एकमेकांपासून काही किलोमीटर लांब आहेत, वयस्कर माणसं ट्रॉली ढकलत चालत जातील असं नाही ते. आणि डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर दिल्लीचं धुकं लक्षात ठेवून इंदूरहून रात्रीच्या ऐवजी दुपारचंच विमान घ्या, दिल्लीत सहा तास बसणं परवडतं, चुकलेलं विमान नाही.

काकूंचा सव्वा दिवस म्हणजे घरापासून घरापर्यंत. आमचाही तसाच निघाला, संध्याकाळी ६ ला लोकमान्य नगरातून निघालो, बिजासन रोडला विमानतळावर पोचलो, आणि दादाच्या घरी आई-बाबांनी पहिला चहा घेतला तो तिथल्या दुपारी १२ ला, म्हणजे आपल्या रात्रीच्या ९:३० ला. साडेसत्तावीस तास. औषधं, जेवण, झोप सगळं ह्या आकड्यावर लावायचं असतं, तिकिटावरच्या आकड्यावर नाही. बाबांना शुगर आहे. मी डॉक्टरांकडे जाताना हाच तासांचा कागद घेऊन गेले, कारण "सकाळ-संध्याकाळ एक गोळी" ह्याला विमानात काही अर्थ राहत नाही, सकाळ कुठली धरायची? त्यांनी भारताच्या वेळेने लिहून दिलं, आणि पोचल्यावर कसं बदलायचं तेही. बाबांचं मनगटी घड्याळ दादाच्या घरी पोचेपर्यंत इंदूरच्याच वेळेवर ठेवलं. गोळ्या आणि चिठ्ठी हातातल्या बॅगेत, खालच्या सामानात अजिबात नाही. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवली, आईला आधी संकोच वाटत होता पण दिल्लीचं ते अंतर चालल्यावर टोरांटोत उभं राहायला ताकद उरली नसती.

सीटसमोरच्या स्क्रीनवर जो नकाशा दिसतो तोही त्यांना आधी समजावून ठेवा. त्यावर जमिनीवरचा वेग, उंची, उरलेलं अंतर आणि बाहेरचं तापमान येत राहतं. वेग ९५० दिसला तर वारा पाठीशी आहे, ८०० दिसला तर समोरून आहे, घाबरायचं काही कारण नाही. बाहेर उणे ५५ अंश दिसतं तेही नेहमीचंच. बाबा नंतर सांगत होते, झोप लागेना तेव्हा मी ८५० ने भागत बसलो, किती उरलं ते काढत.

आणि तिकडे घ्यायला येणाऱ्याला विमान उतरायची वेळ कळवू नका, बाहेर यायची कळवा. उतरल्यापासून इमिग्रेशन, सामान आणि व्हीलचेअरची वाट धरून दीड ते दोन तास. दादाला मी ११ सांगितलं होतं. आईच्या पासपोर्टच्या कव्हरात मी एक कागद घातला होता, मोठ्या अक्षरात, "दिल्ली: रात्री १०:३०, इथे रांग, पासपोर्ट हातात. विमान पहाटे ३. मग दोन जेवणं, एक झोप, बाबांची गोळी दोनदा. दादा ११ ला बाहेर उभा असेल." ते ११ ला दहा मिनिटं कमी असताना बाहेर आले, आणि आईने पहिला फोन मला केला तेव्हा इकडे रात्रीचे साडेआठ वाजायला आले होते, मी जेवायला बसले होते.